सात साचे आणि एकच खोका

३ फेब्रुवारी, दुपार. भट्टी ४१२ अंश.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘आपल्याकडे असलेले माझे सात साचे कृपया पाठवून द्यावेत.’ एवढंच. खाली सही, तीही पूर्ण नावाची, जणू मी बँकच आहे. साच्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माती तू मळलीस, आकार तू कोरलेस, भाजलेसही तूच. पण तो ‘कृपया’ मला झोंबला. सात वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण, ‘आई, जरा सरका’ आणि ‘अगं, ती बरणी दे इकडे’ यापलीकडे कधी काही लागलं नाही. हा कृपया कुठून शिकलीस?

वर मायना नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. सूनबाई लिहावं तर तू आता माझ्या मुलाची बायको नाहीस, तसे कागद झालेत. नावाने मी तुला कधी हाक मारली नाही. तुझ्या त्या संथपणापायी गोगलगाय म्हणायचे, पण तेवढा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही. म्हणून जागा कोरी सोडली आहे. तुला चालेल ते मनातल्या मनात भर.

भट्टी निवते आहे आणि माझे हात शिवशिवतायत. नियम तुझाच आहे. आकडा साठच्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही आणि तोवर आईंच्या हातात पेन द्यायचं. पहिल्या वर्षी मी घाईने उघडून तीन वेळा काच तडकवली तेव्हा तू ती वही आणून दिली होतीस. ‘आई, काहीही लिहा. वाण्याची यादी लिहा. पण बसा.’ तू गेल्यापासून दहा महिने वही तशीच पडली होती. आता तुझा पत्ता हाताशी आहे, तर वहीऐवजी तुलाच लिहिते.

उठून बघून आले. ४०६.

साचे एकेक करून पाठवते आहे. पार्सलवाला म्हणाला की मातीचे साचे एकत्र टाकले तर वाटेत एकमेकांवर आपटतात. शिवाय माझ्याकडे चांगला जाड खोका एकच आहे. तेव्हा खोका रिकामा करून परत पाठव, म्हणजे पुढचा त्यात घालता येईल. पाठवण्याआधी प्रत्येक साच्यातून एकदा काच ओतून बघणार आहे, साचा धड आहे की नाही ते कळायला नको का? जो तुकडा निघेल तोही सोबत ठेवीन.

आज शिंपल्याचा साचा. पाठीवर तू खिळ्याने कोरलेला आकडा अजून स्वच्छ दिसतो, ९५ ग्रॅम. मी तेवढाच काचेचा चुरा भरला आहे. एक कण जास्त नाही, कमी नाही.

३९८. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघितल्याने लवकर उतरत नाही.


१३ फेब्रुवारी. भट्टी ३६५ अंश.

खोका परत आला. मी तुझ्या साच्याभोवती शेजारच्या शिंपिणीकडच्या चिंध्या कोंबल्या होत्या, त्या तू सगळ्या घड्या घालून परत पाठवल्यास. चिंध्यांच्या घड्या! शिंपीण बघून म्हणाली, ‘मावशी, ही तुमची सून होती आणि तुम्ही हिला जाऊ दिलंत?’ मी म्हटलं, तू तुझं मशीन चालव.

ती हल्ली दुपारी येऊन बसते. परवा विचारत होती, साचा फोडायचा नाही तर मग काच त्यातून सुटते कशी? मी तिला माझे जुने दिवस सांगितले. तू येण्याआधी मी प्लास्टरचे साचे करायचे, एक साचा, एक तुकडा. काच निवली की हातोडी घेऊन साचा फोडायचा. मला फार आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. मग तू या घरात आलीस, नखांत माती घेऊन. ‘आई, दर वेळी फोडायचं कशाला? जपून वापरला तर एक साचा पन्नास वेळा चालेल.’ मातीचा भाजलेला साचा, त्याला आतून पांढरा पातळ लेप, लेप सुकला की चुरा. काच आठशे अंशांना वितळते, साच्यात बसते, निवली की साचा उपडा करून बोटांनी टकटक करायचं आणि तुकडा तळहातावर. लेप दिला नाही तर काच मातीला धरते ती कायमची. ‘म्हणजे सगळं लेपावर आहे’, शिंपीण म्हणाली. हो, सगळं लेपावर आहे. आणि लेप तुझ्याकडे होता. सात वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. तू लेप द्यायचीस, मी तोलायचे आणि भरायचे.

आता लेपही मलाच द्यावा लागतो. कसा होतो ते सोबतच्या पिसावरून कळेल. तू पाच पातळ हात द्यायचीस, प्रत्येक हात सुकू देऊन. मला दोन हातांपुढे दम निघत नाही, मग जाड फासते, भिंतीला चुना द्यावा तसा. पिसाच्या सगळ्या रेषा बुजल्या. पीस कसलं, चमचा झालाय. पण साच्याला काही झालेलं नाही. लेप घासून काढला आहे, तोंडाला फडकं बांधून.

आमच्या चिरंजिवांचा फोन आला होता. तिकडे नव्या घरात गच्चीवर झाडं लावली आहेत म्हणे. मी झाडांची नावं विचारली, त्याला सांगता आली नाहीत. बाकी काही बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या चार महिन्यांबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही, तेव्हा तूही पुढच्या ओळीत ते शोधू नकोस.

मासा सगळ्यात शेवटी पाठवीन. मासा व्यवस्थित आहे.

३४०. आज भराभर उतरतंय, कारण नसताना बरं वाटलं.


२५ फेब्रुवारी. भट्टी २८० अंश.

आज मोठं पान आणि छोटं पान दोन्ही पाठवते आहे. त्यांना वेगळं करवेना. तेव्हा कबूल करून टाकते की पार्सलवाला असं काही म्हणाला नव्हता. त्याला साचे आणि विटा यातला फरक कळत नाही, तो कशाला सल्ला देईल. सातही साचे एका खोक्यात मावले असते. पण मग मी एकच पत्र लिहिलं असतं आणि तूही रिकामा खोका एकदाच पाठवला असतास, किंवा पाठवलाच नसतास.

चिडली असशील तर चिड. पण मला लिहू दे.

टेबलाची तुझी बाजू मी तशीच ठेवली आहे, असं काही गोड तुला वाचायला मिळणार नाही. मी तिथे बरण्या मांडल्या आहेत. जागा लागते मला. फक्त तुझा ब्रश हलवलेला नाही, मी दुसरा आणला. तुझा ब्रश उपडा ठेवलेला आहे, केस सरळ करून, तू ठेवून गेलीस तसाच. त्या दिवशी कुणीही ब्रश फेकून गेलं असतं. तू नळावर जाऊन धुतलास. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलास. मी इकडे चुरा तोलत होते आणि नळाचा आवाज ऐकत होते.

उठून आले. २७१. भट्टीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग तीन बरण्या पुसल्या, त्या पुसलेल्याच होत्या. साठ वर्षांची झाले पण बूड टेकत नाही. माझी आई म्हणायची, हिला बसायला सांगा म्हणजे ही आधी पाट शोधायला धावेल.

पानं या वेळी बरी आली आहेत. तीन हात दिले लेपाचे. छोट्या पानाची मधली शीर बघ, दिसते. चुरा मी जाडसर घेतला, तू सांगायचीस तसा. बारीक घेतला की काच धुरकट येते. हे मी तुला शिकवलं की तू मला, यावरून आपलं दोनदा भांडण झालं होतं. तू शिकवलंस. घे, लिहून दिलं.

राहिले पाखरू, चांदणी, मासा. माशाला काही झालेलं नाही. हे मी मागेही लिहिलं होतं वाटतं.


१० मार्च. भट्टी बंद. झाकण उघडं.

पाखरू गेल्या आठवड्यात पाठवलं तेव्हा सोबत एक ओळही लिहिली नाही. लिहायला बसले होते, तीन कागद फाडले. खोका तरीही परत आला, चिंध्यांच्या घड्यांसकट.

आज चांदणी होती. मी झाकण १९० वर उघडलं.

का ते विचारू नकोस. सकाळपासून उठबस चालली होती. आकडा १९० झाला आणि मला वाटलं, एवढं काय, फटीतून बघू. हात झाकणावर गेला तेव्हा मला तुझा आवाज आठवलासुद्धा, ‘आई, पेन’. तरी उघडलं. गार हवा आत गेली आणि टिक् असा आवाज झाला, बोट मोडल्यासारखा. चांदणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर. साचा वाचला, देवाची कृपा म्हण किंवा तुझ्या मातीची. चांदणी दोन तुकड्यांत पाठवते आहे. फेकून देऊन ‘तुकडा चांगला आला होता पण विकला’ असं लिहिता आलं असतं. तसं लिहायला घेतलं होतं. मग स्वतःचीच किळस आली.

तेव्हा आता माशाचं सांगते. मासा धड नाही.

तू गेलीस त्या दुपारची गोष्ट आहे. तू ब्रश ठेवून दाराबाहेर पडलीस. आतल्या खोलीत चिरंजीव कपाट उघडत होते, बंद करत होते. मला काय करावं कळेना. हात रिकामे राहिले तर मी काहीतरी बोलेन, ओरडेन, त्याच्या थोबाडीत मारेन, असं वाटलं. समोर तुझ्या बाजूला मासा होता. मी तो ओढला, १६० ग्रॅम चुरा तोलला, भरला, माशाच्या डोळ्यासाठी ठेवलेल्या खुंटीभोवती बोटाने नीट दाबून बसवला आणि भट्टी लावली.

त्याला लेप दिलेला नव्हता. तू जुना लेप घासून काढला होतास आणि नवा द्यायला ब्रश हातात घेतला होतास, तेवढ्यात ते सगळं झालं. साचाही पांढरट, लेपही पांढराच. पण ते कारण नाही. सात वर्षांत तुझ्या बाजूने माझ्या बाजूला आलेला साचा बिनलेपाचा कधी आलाच नव्हता. बघायची सवयच नव्हती मला. तुझ्याकडून आलं म्हणजे झालेलं असणार.

दुसऱ्या दिवशी उपडा केला, टकटक केलं. मग ठोकला. मग उन्हात धरून पाहिला. काच मातीत शिरली आहे. मासा आत आहे, पूर्ण, शेपटीसकट, निळा, आजवरचा सगळ्यात स्वच्छ मासा. आणि तो निघणार नाही. मासा हवा तर साचा फोडावा लागेल, आणि साचा फोडला तर मासाही त्याच्याबरोबर जाईल.

दहा महिने तो फडताळात वरच्या कप्प्यात आहे. पुढे डबे लावून ठेवलाय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. इथे येणाऱ्या कुणीही वर पाहिलं तरी मी त्याला चहाला बाहेर नेते.


१२ मार्च. आज भट्टी लावलेली नाही.

झाकण नाही, आकडा नाही, हात अडवायचं काही कारण नाही. तरी बसले आहे.

परवाचं पत्र, चांदणी आणि मासा सगळं एकाच खोक्यात घातलं आहे, त्यातच हे पत्र येईल. साचा परत करते आहे असं म्हणायला तोंड नाही. जे आहे ते पाठवते आहे. आणि यापुढे तुझं काही माझ्याकडे उरत नाही, म्हणजे लिहायला निमित्तही उरत नाही. म्हणून जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते आत्ताच लिहायला हवं.

त्याने मला कारखान्याच्या दारात सांगितलं. तू आत होतीस, केस वाळवायच्या यंत्राने लेप सुकवत होतीस, म्हणून तुला ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, दुसऱ्या गावात घर बघितलं आहे, तिथे कुणी आहे, तो जाणार आहे. मी विचारलं, हिला कधी सांगणार? तो म्हणाला, ‘चार-आठ दिवस दे मला. मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस.’ मी म्हटलं, बरं.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचे चार महिने. मी तोंडात मिठाची गुळणी धरून तुझ्यासमोर बसत होते. रोज. तुला संशय कसा आला नाही? सात वर्षांत मी तुझी स्तुती केली नव्हती, त्या चार महिन्यांत तीनदा केली. चहा मी करून आणायचे. एकदा तू म्हणालीससुद्धा, ‘आई, तब्येत बरी आहे ना?’ मी हसले. बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

मग त्या दुपारी त्याने सांगितलं, आणि तुझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत म्हणाला, ‘आईला सगळं माहीत आहे. तिला विचार.’ तू मला विचारलं नाहीस. नुसतं माझ्याकडे पाहिलंस. मी काट्यावरून नजर काढली नाही. काटा कधीचा स्थिर झाला होता, तरी मी बघतच राहिले. तेवढ्यात तू उठलीस आणि नळाकडे गेलीस.

त्याला सोडून गेलीस असं जग म्हणतं. मला माहीत आहे तू कुणाला सोडून गेलीस. त्याच्याशी तू दोन तास भांडली असतीस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

सगळ्यांना मी सांगते की मुलासाठी गप्प बसले. आईचं काळीज, वगैरे. लोक मान डोलावतात. ते खरं नाही. तुला कळलं असतं तर तू गेली असतीस. म्हणून गप्प बसले. मुलगा जाणार होता ते मला सोसलं असतं, तो तसाही घरात पाहुण्यासारखाच होता. तू गेलेली मला सोसणार नव्हती. म्हणून मी रोज एकेक दिवस चोरत होते तुझ्याकडून. तुझ्या आयुष्यातले चार महिने मी माझ्या सोबतीसाठी वापरले. तुला तेव्हाच कळलं असतं तर तू त्या चार महिन्यांत रडून, उठून, कुठेतरी पोचली असतीस.

मला गंमत वाटते स्वतःची. जिथे थांबायला हवं तिथे मला तासभर थांबता येत नाही, १९० वर झाकण उचलते. आणि जिथे त्याच दिवशी आत येऊन तुझ्या हातातलं ते यंत्र बंद करून सांगायला हवं होतं, तिथे चार महिने थांबले. एवढा धीर माझ्यात कुठून आला? तो धीर नव्हता. भीती होती.

गोगलगाय, पोटात पाय, असं चिडवायचे तुला. पोटात पाय माझेच निघाले.

वरातीमागून घोडं आहे हे. क्षमा मागते आहे असं समज. ‘समज’ नको. क्षमा मागते आहे.

खोका परत पाठवायची गरज नाही.


३१ मार्च. भट्टी बंद.

खोका आला नाही. नकोच म्हटलं होतं मी. तरी पार्सलवाल्याची गाडी वाजली की दारात जाते. काल त्याने लांबूनच हात हलवला, नाही म्हणून. त्यालाही आता पाठ झालंय.

प्लास्टरचे दोन साचे करून बघितले, जुन्या पद्धतीचे. काच आली, हातोडी घेतली. पूर्वी मजा यायची. आता पहिला घाव घालायच्या आधीच वाटलं, हा साचा यापुढे नाही. दुसरा तसाच ठेवला आहे.

शिंपीण म्हणाली, ‘मावशी, चिंध्या साठल्यात, हव्यात का?’ मी म्हटलं, राहू देत तुझ्याकडेच.

हे पत्र टाकणार नव्हते. टाकते आहे.


१७ एप्रिल. भट्टी १४० अंश.

खोका सोमवारी आला. पार्सलवाल्याने दोन हातांत धरून आणला आणि म्हणाला, ‘बाई, आज हलका नाही.’

मी तो लगेच उघडला नाही. तुला विश्वास बसणार नाही. टेबलावर ठेवला, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग उघडला.

वर चिंध्या, घड्या घातलेल्या. त्यात साचा. मासा आहे पण आपला नव्हे, नवा. जुन्याची शेपटी डावीकडे वळलेली होती, याची उजवीकडे आहे. खवले कमी आणि मोठे. कडा उभ्या नाहीत, बशीसारख्या उतरत्या, मोकळ्या. आणि डोळ्याची ती खुंटी, जिच्याभोवती काच आवळून बसायची, ती तू ठेवलीच नाहीस. नुसता एक खळगा. मी तो साचा बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. एवढ्या बारीक कामाची बाई तू, खवल्यांच्या आत खवले कोरणारी, आणि असा ढोबळ मासा का केलास? मग कळलं. हा माझ्या लेपाने सुटावा असा मासा आहे. चुना फासल्यासारख्या दोन हातांनीसुद्धा.

मी शिंपिणीसमोर रडले. ती गुंड्या मोजत राहिली.

मग पाठ बघितली. पाठ कोरी. आकडा नाही. आणि तळाशी चिठ्ठी, तुझ्या अक्षरात दोन शब्द: ‘वजन कळवा.’

आई लिहिलं नाहीस. पण कृपयाही लिहिलं नाहीस. मी दोन्ही शब्द शोधले, मागची बाजूही पाहिली.

तर वजन कळवते. आधी साचा पाण्यात चिंब भिजवला, नाहीतर माती पाणी पिते आणि हिशेब चुकतो, हे मी विसरले नाही. मग काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. पाणी ७४ ग्रॅम. काच पाण्याच्या अडीचपट जड, म्हणून अडीचने गुणलं. एकशे पंच्याऐंशी. तीनदा केलं, तीनदा तेच आलं. मी आकडा साच्यावर कोरलेला नाही. सांगायचा मी आणि कोरायचा तू, असंच होतं आपलं. खिळा तुझ्या ब्रशाशेजारी आहे.

दोन दिवस साचा वाळवला. मग लेप दिला. पाच हात. प्रत्येक हातानंतर तो सुकेपर्यंत उठले नाही. तिसऱ्या हाताला पायाला मुंग्या आल्या. तुझ्या ब्रशाने दिला, विचारल्याशिवाय, आणि मग नळावर जाऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला. काल सकाळी चुरा भरून भट्टी लावली. निळाच घेतला आहे.

आता १३६. संध्याकाळपर्यंत साठच्या खाली जाईल.

आणि आता ऐक. झाकण मी उघडणार नाही. मासा सुटला की चिकटला हे मला एकटीने बघायचं नाही. चिकटला असेल तर तुझा नवा साचा गेला आणि दोष माझ्या लेपाचा, तो तू समोर उभी राहून बघ. सुटला असेल तर साचा उपडा करून टकटक तू कर, तळहात मी धरीन. येणं जमणार नसेल तर तसं कळव. यायचं नसेल तरी कळव, तेवढं ऐकायची माझी तयारी आहे. बस सकाळी येते आणि दुपारी परत जाते, राहावं लागणार नाही. तो इथे नाही आणि येणारही नाही. ते मी फोनवर त्याला सांगितलं आहे, या वेळी, खोका आला त्याच दिवशी.


२२ एप्रिल.

भट्टी निवून आज पाचवा दिवस. दिवसातून दोनदा आकडा बघते, उगीच, तो काही हलत नाही. काल शिंपीण म्हणाली, ‘अहो मावशी, ही भट्टी आहे की तिजोरी? बघा तरी एकदा.’ तिने झाकणाकडे हात नेला तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात लागली तिला.

तुझ्या बाजूच्या बरण्या काढून खाली ठेवल्या आहेत. जागा अडते, पण चालेल.

सकाळची बस येऊन गेली. उद्याही येते.

पेन हातात आहे. भट्टीचा आकडा चोवीस, खोलीचाही चोवीस. झाकण मी उघडलेलं नाही.